पिशवीवरचं 'गिफ्ट'

विषय: दिवाळी – मुलांच्या पिशव्या (तातडीचं!)
प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.

मुलांच्या खाऊच्या 60 पिशव्यांवर आपण रोमन लिपीत, ठळक लाल अक्षरांत 'गिफ्ट' छापून घेतलं. काल त्या हॉलवर ठेवायला गेले. तिथल्या हाउसमाइस्टरांनी (हॉलची देखभाल करणारे) एक पिशवी उचलली, हसले आणि मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "हे लहान मुलांना देणार?" मला काही कळेना. गाडीत बसल्यावर लेकीने सांगितलं, "आई, जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष."

अकरा वर्षं इथे जर्मनीत राहते. बागेत उंदरांच्या औषधाच्या डब्यावरचं 'फोअरझिश्ट, गिफ्ट' (सावधान, विष) रोज वाचते. तरी छापताना डोक्यात आलं नाही! पिशव्यांचं काय करायचं ते सुचवा. आणि कोणी सांगेल का, इंग्रजीत भेट आणि शेजारच्या घरी विष, हा असला योगायोग कसा काय?

विषय: Re: दिवाळी – मुलांच्या पिशव्या
प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

सचिवताई, योगायोग नव्हे. शब्द एकच आहे.

'श्रायबेन' म्हणजे लिहिणे, त्यावरून 'श्रिफ्ट' म्हणजे लिपी. तसंच 'गेबेन' म्हणजे देणे, त्यावरून 'गिफ्ट' म्हणजे देणं, दिलेली वस्तू. जुन्या जर्मनमध्ये हाच अर्थ होता. तो अजून एका कोपऱ्यात जिवंत आहे: हुंड्याला जर्मनमध्ये 'मिटगिफ्ट' म्हणतात. मुलीच्या सोबत दिलेलं ते.

मग विष कुठून आलं? वैद्यांकडून. ग्रीक भाषेत 'दोसिस' म्हणजे देणे; वैद्यकात त्याचा अर्थ झाला रोग्याला एका वेळी द्यायचं माप. तो शब्द लॅटिनमध्ये गेला आणि तिथून जर्मनमध्ये त्याचं शब्दशः भाषांतर झालं: गिफ्ट. औषधाचं माप आणि विषाचं माप यांत अंतर थोडंच. त्यात विषाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही माणसाची जुनी खोड. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, 'वाढते'. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, 'जनावर' म्हणायचं. तसंच 'त्याला दिलं' एवढं म्हटलं की पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. असं वापरून वापरून सभ्य शब्दच विषारी झाला. मग भेटीसाठी दुसरा शब्द पुढे आला, 'गेशेंक'. तोही मजेशीर आहे, कारण त्याच्या मुळाशी पेय ओतून देणं आहे. आलेल्याला आधी पेला भरून द्यायचा.

जर्मनांकडे विषाला स्वतःचा जुना शब्द नव्हता असं नाही. 'आयटर' होता. गिफ्टने त्याची जागा बळकावल्यावर तो आक्रसून गेला. आता आयटर म्हणजे जखमेतला पू! बिचाऱ्याची बढती थांबली ती थांबलीच.

आता घरची गंमत. ग्रीक 'दोसिस' आणि आपलं 'दान' एकाच धातूचे, 'दा'चे. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'डोस' म्हणजे दानाचा दूरचा चुलतभाऊ. आणि आपण त्याचं काय केलं? कोणी फार उपदेश करायला लागला की म्हणतो, डोस पाजतोय. (हे पत्र लांबलं, म्हणून मीच आधी म्हणून टाकतो.)

विषय: Re: Re: दिवाळी – मुलांच्या पिशव्या
प्रेषक: उप्सालाहून, माजी सभासद

काका, उत्तम! पण तुम्ही स्वीडनला विसरलात. इथे उच्चार 'यिफ्त' आणि अर्थ दोन: नाम असेल तर विष, विशेषण असेल तर विवाहित. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्येही तेच दोन अर्थ. यावरचे विनोद इथे इतके जुने आहेत की आता कोणी हसतही नाही. माझे यजमान मात्र प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात.

दोन्ही अर्थ एका दाराने आले नाहीत. विष आलं उत्तर जर्मनीच्या व्यापाऱ्यांच्या बोलीतून. 'विवाहित' हा अर्थ घरचाच, आणि तो 'दिलेली' यातूनच आला. मुलगी दिली म्हणजे लग्न झालं. आपण अजूनही विचारतो ना, "थोरली कुठे दिली?" स्वीडनच्या 1734 च्या कायद्यात लग्नावरचं प्रकरण पहिलंच आहे, आणि त्यात 'यिफ्तुमान' नावाची भूमिका होती: मुलीला लग्नात देण्याचा हक्क असलेला पुरुष, बहुधा वडील. वाचलं आणि पाटावर बसून हातावर पाणी सोडणारे माझे बाबा डोळ्यांसमोर आले. कन्यादान हा शब्द मला कधीच आवडला नाही. इतक्या लांब येऊन तो परत भेटेल असं वाटलं नव्हतं.

आइसलँडचे लोक शहाणे. त्यांच्याकडे 'गिफ्ता' म्हणजे सौभाग्य, आणि विषाला ते अजून 'एइतुर'च म्हणतात. म्हणजे काकांचा आयटर तिकडे मानाने नांदतोय.

आणि इंग्रजीने फार मिरवू नये. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वधूमूल्य होता आणि उच्चार आमच्यासारखा 'यिफ्त' असा. आजचा कडक 'ग' त्यांना व्हायकिंगांच्या भाषेने दिला.

विषय: Re: Re: Re: पिशव्या
प्रेषक: एक सभासद

काका, एक शंका. वैद्यांच्या भाषांतराची कथा मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाला पटली नव्हती. 1924 मध्ये त्याने या एका शब्दावर छोटा लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की जुन्या जर्मनांत देणं म्हणजे मुख्यतः पेय देणं, आणि समोरच्याने भरलेल्या पेल्यात काय आहे याची खात्री कधीच नसते. शिवाय घेतलेली भेट माणसाला बांधून टाकते. पंडितांचा पोथीतला शब्द रोजच्या वापरात इतका कसा रुजेल, असंही त्याने पुढे विचारलं. मला त्याचं पटतं. आपल्या आहेराच्या वह्या आठवा! कोणी किती दिलं हे लिहून ठेवायचं, परत तेवढंच करायचं.

विषय: Re: Re: Re: Re: पिशव्या
प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

आहेराच्या वहीचा मुद्दा मान्य. पोथीचा नाही. पोथीतला शब्द रुजत नाही असं ज्याला वाटतं त्याने माझ्या आजीला ऐकायला हवं होतं. शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण पोलिओचा 'डोस' चुकवू द्यायची नाही. मी वैद्यांच्याच बाजूने.

विषय: Re: पिशव्या – मला द्या
प्रेषक: लायडनहून

नमस्कार. तुमच्या पिशव्या फेकू नका, आमच्याकडे पाठवा. डच लोकांनी हा घोळ एका अक्षरात मिटवला आहे. रोजच्या भाषेत 'खिफ्त' म्हणजे देणगी आणि 'खिफ' म्हणजे विष. त असला तर दान, त गळला तर मरण. इथल्या आयकराच्या फॉर्मवरही देणग्यांना हाच शब्द आहे. आमच्या गणपतीची वर्गणी गोळा करायला लाल अक्षरांच्या 60 पिशव्या झकास होतील. फक्त शेवटचा त पुसट छापलेला नसावा.

विषय: पिशव्या – निर्णय
प्रेषक: सचिव

त ठसठशीत आहे, तपासला. रविवारी एक सभासद गाडीने तिकडे चालले आहेत, त्यांच्याकडे देते.

नवीन पिशव्यांवर आपला 'खाऊ' छापायचं ठरलं, रोमन लिपीतच, कारण अर्ध्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही. या वेळी शहाणपणा करून नमुना आधी हाउसमाइस्टरांना दाखवला. त्यांनी एकदा वाचला, दोनदा वाचला आणि खूश झाले. जर्मनमध्ये 'काउ!' म्हणजे म्हणे 'चाव!'

काका, हा तरी योगायोगच ना?