मदत हवी आहे: सासरे गोळ्या बंद करायला तयार नाहीत

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं करत आठवडा गेला.

आम्ही शिवाजी पेठेतले. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, ७८ वर्षांचे. मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीत चाळीस वर्षं दिवाणजी होते. बीपी आणि शुगर आहे. अटॅक, लकवा, स्टेंट यातलं काही नाही. दिवसाला अकरा गोळ्या घेतात. गेली सात वर्षं त्या डबीत मी भरते, म्हणून आकडा पक्का माहीत आहे.

पावसाळ्यात रात्री दोनला लघवीला उठले, तोल गेला आणि मनगट मोडलं. तेव्हा राजारामपुरीतल्या एका नवीन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी "घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा" म्हणून सांगितलं. टेबलावर ओळीनं मांडली आणि प्रत्येकीला एकच प्रश्न: ही कोणी दिली, कशासाठी?

निम्म्यांचं उत्तर मला देता आलं नाही.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. २०२१ मध्ये बीपीची अ‍ॅमलोडिपिन ५ ची १० झाली. त्यानंतर पाय सुजायला लागले. ते दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवले, त्यांनी लघवीची गोळी (फ्युरोसेमाइड) दिली. आप्पा ती संध्याकाळी घ्यायचे, कारण सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाताना अडचण होते. म्हणून रात्री तीनदा उठणं. त्यात झोपेची क्लोनाझेपाम. म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी, आणि दोन्ही मिळून बाथरूममध्ये आपटले. पित्ताची पँटोप्राझोल गुडघ्याच्या पेनकिलरसोबत सुरू झालेली. पेनकिलर कधीच बंद झाली, ही राहिली. रक्त पातळ ठेवायची अ‍ॅस्पिरिन कोणी आणि का दिली, याचा कागदच नाही.

डॉक्टर म्हणाले, या चार हळूहळू काढू, एका वेळी एकच. मला तर हायसं वाटलं. आप्पा मात्र रिक्षात बसल्यावर बोलले, "जुनं डॉक्टर देवमाणूस हुता. त्यानं जलमभर घ्या म्हटल्याली गोळी ह्यो कालचा पोरगा बंद करणार व्हय?" जुने डॉक्टर तीन वर्षांपूर्वी वारले, त्यांना विचारायची सोय नाही. पुण्याहून नणंदेचा फोन आला, "वैनी, खर्चाचं काही असेल तर मी पाठवते." त्या दिवशी मी जेवले नाही.

आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. गोळी बंद केली आणि उद्या काही झालं तर बोट माझ्याकडेच येणार. चालू ठेवून काही झालं तर कोणी काही म्हणणार नाही. शिवाय हा किडा डोक्यातून जात नाही की इतकी वर्षं मी माझ्या हातानं त्यांना नको ते देत होते का?

कोणाच्या घरी असं झालंय का? समजूत कशी घातलीत?

औषधवाली_ताई:
मी मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. आधी महत्त्वाचं: यातलं काहीही घरच्या घरी, एकदम बंद करू नका. क्लोनाझेपाम तर अजिबात नाही. अचानक थांबवली तर झोप उडते, घाबरं होतं, कधी फिटसुद्धा येते. ती आठवड्या-आठवड्यानं थोडी थोडी उतरवतात. पँटोप्राझोल बंद केल्यावर काही आठवडे पित्त उसळतं. लोकांना वाटतं, बघा, गोळीची गरज होतीच. तो बहुतेक वेळा बंद केल्याचा परिणाम असतो, ओसरतो. आणि क्रम डॉक्टरांना विचारून घ्या: अ‍ॅस्पिरिन चालू असेपर्यंत पँटोप्राझोल या वयात पोटाला राखण असते, त्यामुळे आधी अ‍ॅस्पिरिन, मग ती.

अ‍ॅस्पिरिनबद्दल: ज्यांना अटॅक किंवा लकवा आलेला नाही अशा सत्तरीच्या आसपासच्या आणि पुढच्या १९ हजार लोकांवर ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत अभ्यास झाला, २०१८ मध्ये निकाल आले. फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. पण ज्यांना स्टेंट आहे त्यांनी हे वाचून आपली गोळी बंद करू नये, त्यांचा हिशेब वेगळा.

तुम्ही "नको ते" दिलं नाहीत. ज्या वेळी दिली त्या वेळी बहुतेक गोळ्यांना कारण होतं. कारण संपलं, गोळी राहिली. आमच्या काउंटरवर रोज बघते, जुनी चिठ्ठी पुढं सरकवतात आणि "हेच पुन्हा द्या" म्हणतात. आम्हीही देतो, हे कबूल करते.

पंचगंगेकाठी:
डॉक्टर बदलला की गोळ्या बदलतात. चौथ्याकडे गेलात तर चार वाढवून देईल. हाय काय आणि न्हाय काय.

कसबा_बावडा_७२:
मी स्वतः बहात्तर वर्षांचा, म्हणून आप्पांच्या बाजूनं लिहितो. माझ्या मुलानं "बाबा, ही गोळी आता नको" म्हटलं तेव्हा मला पहिलं काय ऐकू आलं सांगू? "आता तुमच्यावर औषध वाया कशाला." तो तसं म्हणाला नव्हता. पण या वयात कानच तसे होतात. सकाळी चहाबरोबर गोळ्या घेणं हे आमचं उरलेलं काम असतं, आणि जुने डॉक्टर गेले तरी त्यांची गोळी म्हणजे त्यांचा शब्द.

माझ्या डॉक्टरांनी "बंद करा" म्हटलंच नाही. विचारलं, "काका, या सगळ्यांत तुम्हाला वैताग कशाचा येतो?" मी म्हणालो, रात्रीच्या उठण्याचा. ते म्हणाले, मग त्यावरच काम करू. तिथून पुढं मी ऐकायला लागलो. परदेशात असे प्रश्न हजारो म्हाताऱ्यांना विचारलेत. अमेरिकेत पासष्टीपुढच्या सुमारे दोन हजार लोकांत शंभरातले ९२ जण म्हणाले, डॉक्टर म्हणत असतील तर एखादी गोळी सोडायला तयार आहोत. तेव्हा म्हातारी माणसं हट्टी असतात हे अर्धंच खरं. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी समोर बसून सांगितलेलं यात फरक पडतो, राग मानू नका.

मिरजकर_सुमा:
आईची बीपीची एक गोळी डॉक्टरांनी काढून बघितली. तीन आठवड्यांत बीपी चढलं, परत सुरू केली. संपलं. मला वाटायचं बंद म्हणजे पूल जाळून पुढं जाणं. तसं नसतं. आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवत होतो म्हणून लगेच कळलं. नणंदबाईंना मात्र पुढच्या तपासणीला व्हिडिओ कॉलवर घ्याच. डॉक्टरांनीच सांगू दे. माझ्या भावजयीनं हेच केलं नाही आणि दोन वर्षं बोलणी खाल्ली.

औषधवाली_ताई:
एक सुचलं. आप्पा दिवाणजी होते ना? मग वही त्यांच्याच हातात द्या. कुठली गोळी, कोणी दिली, कधी, कशासाठी. त्यांनाच लिहू दे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. बावड्याच्या काकांचं उत्तर मी आप्पांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, फक्त "परत वाच" म्हणाले.

वहीचं ऐकलं. लाल कापडी बांधणीची वही महाद्वार रोडवरून आणली. आप्पांनी पानावर चार रकाने आखले, वर "श्री" लिहिलं आणि दोन दिवस जुन्या फाइली घेऊन बसले. अ‍ॅस्पिरिनपुढं "कोणी दिली" हा रकाना रिकामा राहिला. ज्या माणसानं चाळीस वर्षांत एक नोंद विनाखूण सोडली नाही, त्याला ते सलत होतं, मला दिसत होतं. पण गोळी घेतलीच.

काल डॉक्टरांकडे वही घेऊन गेलो, नणंद कॉलवर. अ‍ॅमलोडिपिन परत ५ वर आणली, लघवीची गोळी आठवडाभर एकाआड एक आणि मग बंद. पायांची सूज आणि बीपी रोज लिहायचं, लिहिणारे आप्पा. दम लागला किंवा वजन वाढलं तर लगेच फोन. नणंदेनं डॉक्टरांना सात प्रश्न विचारले आणि शेवटी मला म्हणाली, "वैनी, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं." सांगितलं होतं, असो.

अ‍ॅस्पिरिनवर आप्पांचं म्हणणं: "दिवाळी होऊ दे, मग बघू." डॉक्टर हो म्हणाले. क्लोनाझेपाम सगळ्यात शेवटी.

त्याबद्दलच ताई, एक विचारायचं राहिलं. ती गोळी इतकी बारीक आहे की सुरीनं अर्धी करताना भुगा होतो. तुमच्याकडे गोळी कापायची डबी मिळते का, की डॉक्टरांना कमी ताकदीची लिहून द्यायला सांगू?