महिंद्रा थारचं हूड खुशाल मागे टाका, पण दरवाजे उतरवू नका

घाटमाथा (धागाकर्ता)
पाऊस सुरू झाला की ताम्हिणीत आणि लोणावळ्याच्या बाजूला दरवाजे उतरवलेल्या थार दिसायला लागतात. हूड, म्हणजे कापडी छत, मागे टाकण्याला माझा विरोध नाही. सॉफ्ट टॉप कंपनीनेच तशी बनवली आहे, आणि कापड मागे गेलं तरी आतला रोल केज (गाडी उलटली तर माणसांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) जागेवरच असतो. दरवाज्याचं तसं नाही.

यावर नेहमी जीप रँग्लरचा दाखला दिला जातो. रँग्लरचे दरवाजे निघावेत याच हिशेबाने बनवतात. कोणत्या मापाचा टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा पाना) लागेल ते बिजागरीवरच कोरलेलं असतं, पाने गाडीसोबत मिळतात, वायरिंगचा जोड सहज सोडवता येतो. थारच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात, साम्य तेवढ्यावर संपतं. बोल्ट सोडले की दरवाजा हातात येतो हे खरं, पण पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉकच्या वायरी ओढल्या जातात, आणि परत बसवताना दरवाजा जुन्या रेषेत बसला नाही तर रबरातून पाणी आत येत राहतं.

मुख्य मुद्दा जिवाचा. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०२० मध्ये थारला ४ तारे दिले, ते दरवाजे असलेल्या गाडीला. समोरून धडक बसली की बंद दरवाजा पुढच्या आणि मधल्या खांबाला आधार देतो. बाजूने कोणी घुसलं तर आपल्या मांडीत आणि त्याच्या बंपरमध्ये तेवढाच एक अडसर असतो. शिवाय बाहेरचे आरसे दरवाज्यावरच असतात. म्हणजे घाटात मागून येणारी एसटी दिसायची सोयही आपण घरी ठेवून निघतो.

चिखलवाट
पूर्ण असहमत. महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० किंवा मेजर जीप चालवलेल्या कुणालाही विचारा. कापडी हूड, दरवाजे असले तर कापडाचेच, नाहीतर तेही नाहीत. गावोगावी लोकांनी आयुष्यभर अशाच जीप चालवल्या. ऑफरोडला ४ लो (चारही चाकं फिरवणारा संथ, ताकदीचा गिअर) टाकून माणूस चालतो त्या वेगाने जाताना पुढचं चाक नेमकं कुठल्या दगडावर चढतंय हे वाकून बघता येणं, हीच खरी सुरक्षा आहे. ओढा ओलांडताना गाडी कलली आणि बाहेर पाण्याचा दाब आला तर बंद दरवाजा आतून ढकलून उघडत नाही. उघड्या गाडीतून पट्टा सोडला की माणूस बाहेर.

घाटमाथा
चाक काच खाली करूनही दिसतं. जुन्या जीपबद्दल बोलायचं तर त्या काय वेगाने धावायच्या तेही सांगा. आजच्या पेट्रोल थारला १५० बीएचपी आहे आणि ती द्रुतगती मार्गावरून ट्रेलपर्यंत, म्हणजे कच्च्या डोंगरवाटेपर्यंत, जाते. ओढ्याचा मुद्दा मात्र मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

करवंदीची_जाळी
सह्याद्रीत गाडी घालणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट, जी या वादात कुणी बोलतच नाही. आपल्या वाटा दोन्ही बाजूंनी करवंद, घाणेरी आणि बाभळीने भरलेल्या असतात. पुढच्या बंपरने वाकवलेली फांदी सुटली की चाबकासारखी आत येते, सरळ चेहऱ्याच्या उंचीवर. दरवाजा असला की रंगावर ओरखडा पडतो. नसला तर डोळ्यावर. परदेशातले व्हिडिओ वाळवंटातले असतात, तिथे हा प्रश्नच नाही. दुसरं म्हणजे पाय. उघड्या बाजूला बसलेल्या माणसाचा पाय नकळत बाहेर, फूटस्टेपवर जातो. गाडी दगडावरून घसरून बाजूला टेकली तर तो पाय दगड आणि पत्र्याच्या मध्ये सापडतो. हे घडायला वेग लागत नाही, त्यामुळे 'आम्ही हळू चालवतो' हे उत्तर इथे चालत नाही.

सॉल्टलेकवासी
अमेरिकेत युटामध्ये राहतो, रँग्लर चालवतो, म्हणून लिहितोय. युटातल्याच मोआबला १९६७ पासून ईस्टर जीप सफारी भरते. तिथे दरवाजे नसलेल्या गाड्यांच्या रांगा असतात आणि त्याची मजा काय ते गाडीत बसल्याशिवाय कळत नाही. खडकाचा वास, इंजिनाचा आवाज, खाली दिसणारी दरी, सगळं एकदम अंगावर येतं. ते नाकारू नका. वर कुणी म्हटलं ते बरोबर आहे, तिथे बराचसा उघडा खडक आहे, झाडोरा फार कमी. दरवाजे काढले की आम्ही बिजागरीच्या जागी वेगळे आरसे लावतो. पाय बाहेर जाऊ नये म्हणून जाळी किंवा पट्टे मिळतात, किंवा नळ्यांचे अर्धे दरवाजे. २०२४ च्या मॉडेलपासून रँग्लरला पडदा एअरबॅगही (बाजूने पडद्यासारख्या उघडणाऱ्या) आल्या. हे सगळं बनवणाऱ्याने आधी ठरवलेलं आहे. ज्या गाडीत ते ठरवलेलं नाही, तिचे दरवाजे मी काढणार नाही.

चिखलवाट
मग मागणी कंपनीकडे करूया ना! रँग्लर २०२१ पासून आपल्या रांजणगावातच जोडली जाते. थारला धुता येणारी जमीन आणि पाणी काढायला बुचं दिली आहेत, म्हणजे गाडी आतून भिजणार हे गृहीत धरलंय. मग अधिकृत अर्धे दरवाजे आणि खांबावर लागणारे आरसे का नकोत? ते मिळाले तर मी आजच घेईन.

कलम५२
कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बोल्टने काढलेला आणि संध्याकाळी परत लावलेला दरवाजा 'बदल' ठरतो का, यावर वकील वाद घालू शकतात. पण दावा दाखल केल्यावर विमा कंपनीशी तोच वाद तुम्हाला स्वतः घालावा लागेल.

चिखलवाट
कलम वाचलंय. म्हणूनच मी दरवाजे ट्रेलच्या तोंडाशी उतरवतो, ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवतो आणि परतताना लावतो. शेतकऱ्याच्या परवानगीने खासगी जमिनीवर मी कशी गाडी चालवतो हा माझा प्रश्न आहे.

आई_आणि_थार
तुमचा एकट्याचा असेल तर असेल. तीन दरवाज्यांच्या थारमध्ये मागे बसणाऱ्यांना बाजूचा पत्रा असतो, उघडे पडतात ते पुढचे दोघं. आणि पुढे 'एकदा मला बसू दे' म्हणणारं पोर प्रत्येक घरात असतं. माझी एवढीच विनंती आहे की दरवाजे उतरवलेल्या गाडीत लहान मुलाला पुढे बसवू नका, ट्रेल कितीही सोपी असो.

चिखलवाट
हे मात्र शंभर टक्के मान्य. मोठ्यांनाही पट्टा लावल्याशिवाय मी गाडी हलवत नाही.

घाटमाथा
चिखलवाट, गोठ्यापर्यंत दरवाजे लावून येत असाल तर आपल्यात भांडण उरतं ते फक्त करवंदीच्या फांद्यांचं आणि पायांचं. तुम्ही जाळी लावता का? कुठली, आणि ती थारच्या केजला कशी बांधता, फोटोसकट टाका. सॉल्टलेकवासी, तुमच्या पट्ट्यांची रुंदी आणि बकल कुठल्या प्रकारचं तेही सांगा. रस्त्यावर विनादरवाज्याची गाडी आणण्याला माझा विरोध कायम आहे.