फातोर्ड्याची मॅच: रातोरात चोर्ल्यानं परत, की तिथंच मुक्काम?

गोवावेसकर
मंडळी, आयएसएल फुटबॉलमध्ये आमच्या बंगळूर एफसीची गोव्याच्या टीमशी मडगावात, फातोर्डा स्टेडियमला मॅच लागली की बेळगावातनं आमची क्रूझर निघणार, हे पक्कं. तारीख कळायची तेवढी बाकी आहे. बारा जागा, आठ भरल्या. भांडण परतीवरनं पेटलंय. ते इथं आणतोय, कारण आमच्या ग्रुपवर आता कोण कुणाचं ऐकेना.

माझं म्हणणं सरळ आहे. साडेसातला मॅच, साडेनऊला शिट्टी, दहाला पार्किंगमधनं बाहेर. फोंडा, साखळी, चोर्ला घाट करून दोनच्या सुमाराला बेळगावात गोवावेस सर्कलला. सकाळी ज्याची त्याची ड्युटी. मुक्काम केला की काय होतं ते मी बघितलंय. रूम चौघांची घ्यायची, झोपायचे आठ. त्यातले दोघे 'कोलव्याला जरा पाय भिजवून येतो' म्हणून जातात, ते सकाळी अकराला सापडतात. तिकिटापेक्षा मुक्कामाचाच खर्च जास्त.

आणि ह्याला अवे मॅच म्हणायचं म्हणजे गंमतच. आमच्या टीमचं घरचं मैदान बंगळुरात, ५०० किलोमीटरवर. परक्याचं मैदान १३० वर. गावातल्या एका चौकाचं नावच गोवावेस, आणि आम्ही म्हणे पाहुणे!

पिकअपवाला
मी आठवड्यातनं पाच रात्री भाजी घेऊन चोर्ला उतरतो. गोव्याच्या सकाळच्या बाजाराला बेळगावची कोबी-फ्लॉवर-कोथिंबीर लागते, ती काय आपोआप जात नाही. त्यामुळं 'रात्री रस्ता मोकळा असतो' हे मला सांगू नका. तुम्ही ज्या वेळेला घाट चढणार, त्याच वेळेला आमच्या भरलेल्या गाड्या उतरत असतात. वळणावर डिपर न देता चढणारी पांढरी कार दिसली की आम्ही ओळखतो, पिकनिक पार्टी.

पण माझा मुद्दा घाटाचा नाही. घाटात कुणाला झोप लागत नाही, सगळे जीव मुठीत धरून बसलेले असतात. झोप लागते घाट संपल्यावर. चोर्ला सोडला, कणकुंबी आली, आता झालंच म्हणून गाडीत सगळे माना टाकतात. गाणी बंद, बोलणं बंद. तिथनं जांबोटीपर्यंत जंगलातला एकसारखा रस्ता, आणि स्टेअरिंगवर सकाळी सहाला उठलेला एकटा माणूस. माझ्या ओळखीचे दोघे तिथंच रस्त्याखाली गेले. दोघंही घाट नीट चढून आलेले.

तुमच्या ड्रायव्हरनं मॅच बघायची की झोपायचं, ते आधी ठरवा. बाकीचं नंतर.

निपाणीकर
आम्ही आजरा-आंबोली-सावंतवाडी करून येणार आणि मुक्काम करणार. तुमचं चालू द्या.

गोवावेसकर
@पिकअपवाला, दादा, तुमचा मान ठेवून सांगतो, गेल्या वेळी आम्ही हेच केलं आणि सुखरूप आलो. ६ एप्रिल २०२५, सेमीफायनलची दुसरी मॅच. रविवार होता आणि त्यात रामनवमी. दुपारी बाराला पाळणा झाला, आईनं सुंठवड्याची पुडी खिशात घातली आणि एकला आम्ही जांबोटी रोडला लागलो. पहिली मॅच आम्ही २-० नं जिंकलेलो, म्हणून जरा मस्तीतच होतो. मध्यंतरानंतर लगेच गोव्याचा एक गोल. ८८ व्या मिनिटाला सादिकूनं दुसरा घातला आणि बेरीज २-२. सगळं स्टेडियम उभं. माझ्या बाजूचा पोरगा सुंठवडा चघळत डोळे मिटून बसला होता. तेवढ्यात पार्किंगमधनं ड्रायव्हरचा फोन, 'आता आणि अर्धा तास काय ओ?' मी फोन कानाला लावलेला असतानाच इंज्युरी टाइममध्ये आमच्या सुनील छेत्रीचं हेडर आत गेलं. ड्रायव्हरला काय उत्तर दिलं ते मला आजपण आठवत नाही.

घरी पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते.

पिकअपवाला
तुझ्याच तोंडनं सांगितलंस की. छेत्रीचं डोकं दोन इंच खाली असतं तर एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी. तुझं साडेनऊचं साडेदहा झालं असतं आणि पावणेतीनचे पावणेचार. एका माणसाच्या हेडरवर बारा जणांचा परतीचा टाइम ठरतो, ह्याला प्लॅन म्हणत नाहीत भावा.

खानापूरचा_गवा
परतीचं नंतर बघू. आधी मला सांग, बंगळूरचा झेंडा घेऊन गोव्यात जातोसच कशाला? १ नोव्हेंबरला काळी फीत बांधून सीमाप्रश्नाच्या फेरीत माझ्या पुढं चालणारा तूच ना? आणि एप्रिलमध्ये निळी जर्सी!

मी गोव्याचा. उघड सांगतो. खानापूर, लोंढा, रामनगर ह्या पट्ट्यातला माणूस बाजारहाटाला, नोकरीला, दवाखान्याला गोव्याकडं बघतो. बंगळूर कुणी बघितलंय? गोव्याच्या टीमच्या बिल्ल्यावर गवा आहे. खरा गवा आमच्या शेतात येतो, गेल्या दिवाळीच्या आधी कापणीला आलेलं भात तुडवून गेला. पंचनामा झाला, अर्ज केला, अजून वाट बघतोय. तरी फातोर्ड्यात त्याच गव्यासाठी नव्वद मिनिटं घसा फोडतो. ह्याला प्रेम म्हणतात.

गोवावेसकर
काय बोलूलास बे! सरकार वेगळं, क्लब वेगळा. काळी फीत मी परत बांधणार आणि निळी जर्सीपण घालणार, दोन्ही माझ्याच कपाटात आहेत. २०१९ ची फायनल आठव. अंधेरी, तुझ्या गोव्याविरुद्ध, ११७ वं मिनिट, गोल कुणाचा? राहुल भेके. मुंबईचा मराठी पोरगा बंगळूरकडनं खेळतो तेव्हा तुला सीमावाद आठवत नाही?

खानापूरचा_गवा
भेकेला पगार मिळतो. तुला काय मिळतं?

जुना_लेफ्टआउट
वयानं मोठा आहे म्हणून दोन शब्द. एक तर मडगाव समुद्रकाठी नाही, हे ध्यानात घ्या. कोलव्याचा किनारा तिथनं सहा किलोमीटर. समुद्रकाठचं फुटबॉल बघायचं तर वास्को. टिळक मैदान. बंदराचा वास, खारं वारं, आणि बाजूला बसलेला म्हातारा गोवेकर लाईन्समनला कोंकणीत जे ऐकवतो ते इथं लिहिता येत नाही.

आम्ही मीटरगेजच्या काळात गाडीनं जात होतो. कॅसलरॉकला इंजिन जोडायचे, सदतिसात एक असा उतार, डबे कुरकुरत खाली. दूधसागरला सगळे एका बाजूच्या खिडकीला. बरोबर चपाती-भाजीचा डबा आणि बेळगावच्या गोड कुंद्याचं एक पाकीट, कारण वास्कोत आमचा एक दोस्त बंदरात कामाला होता आणि कुंद्याशिवाय दार उघडत नव्हता. तेव्हा साळगावकर, धेंपो, चर्चिल ही गोव्याच्या क्लबांची नावं आम्हाला घरच्यासारखी. धेंपो पाच वेळा देशाचा चॅम्पियन झाला. २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघंही देशाच्या आय-लीगमधनं बाहेर पडले, त्या दिवशी मी जेवलो नाही. हसा.

माझं मत: ह्या टीव्हीच्या मॅचपेक्षा गोव्याच्या लीगमधली एखादी दिवसाची मॅच बघा. उजेडात संपते, उजेडात निघता, तुमचं भांडणच मिटतं.

गोवावेसकर
काका, रेल्वेचं मन माझं पण होतं. पण गोवा एक्सप्रेस वास्कोहून दुपारी सुटते. मॅच रात्री. म्हणजे जाताना रेल्वे, येताना परत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथंच. म्हणजे फिरून मुक्कामच आला. आणि लीगची मॅच बघायला बारा जण जमवून दाखवा. छेत्री नसेल तर आमच्यातले नऊ घरी बसतात, हे खरं आहे, कबूल करतो.

जुना_लेफ्टआउट
मग तुम्ही फुटबॉल बघायला जात नाही. छेत्री बघायला जाता.

गोवावेसकर
होय. त्यात काय चुकलं? तो किती दिवस खेळणार आहे?

अनगोळ_विंगर
एवढी चर्चा झाली, पण गाडीत बाई असली तर काय, हे कुणीच विचारलं नाही. मी आणि माझी बहीण, आम्ही दोघी त्या उरलेल्या चारांतल्या दोन जागा घेणार होतो. कॉलेजच्या टीमला मी चार वर्षं खेळलेय, ऑफसाइड समजावून सांगायची गरज नाही.

गोवावेसकर म्हणतात दोनला गोवावेस सर्कल. बरं. तिथनं पुढं अनगोळला रात्री दोनला आम्हाला कोण सोडणार? रिक्षा असते काय त्या वेळेला? बाबांना दुचाकी घेऊन बोलवायचं? आणि फोंडा सोडल्यावर रात्री अकरानंतर गाडी थांबवायची म्हटलं तर तुम्हाला झाडामागं जागा आहे, आम्हाला नाही. मुक्काम महाग, हे तुमचं गणित बारा पुरुषांचं आहे.

आणखी एक, आधी फसलेय म्हणून सांगते. तिकीट काढताना पाहुण्या टीमच्या लोकांचा भाग कुठला ते बघून काढा. माझ्या भावानं स्वस्त दिसलं म्हणून गोव्याच्या पाठीराख्यांच्या मधोमध काढलं आणि निळी जर्सी घालून गेला. मारलं कुणी नाही, गोव्यात तसं होत नाही. पण पूर्ण मॅचभर त्याला उभं राहून 'गोवा, गोवा' म्हणायला लावलं आणि नंतर रस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट, खायला घातलं. तो आता अर्धा त्यांच्यातलाच झालाय.

खानापूरचा_गवा
भावाचा नंबर पाठवा.

गोवावेसकर
@अनगोळ_विंगर, चुकलं. हा विचार केलाच नव्हता. तुम्हा दोघींना दारात सोडून मगच गाडी परत जाईल, शब्द.

अनगोळ_विंगर
शब्द नको, झोपलेला ड्रायव्हर हवाय. म्हणजे आधी झोप झालेला.

पिकअपवाला
बरोबर बोलल्या आक्का.

कॅम्पातला_गोलकीपर
कोणी बाटलीचा विषय काढला नाही म्हणून काढतो. आमच्या मागच्या ट्रिपला एकानं पिशवीत 'फक्त दोन' घेतल्या. कर्नाटकात शिरताना नाक्यावर गाडी उघडली. दोन नव्हत्या, सात होत्या. त्याच्यापायी आम्ही सगळे पाऊण तास रस्त्यावर थंडीत उभे, आणि कागद, सही, बोलणी. रातोरात परत यायचं तर हा पाऊण तास हिशोबात धरा. नाहीतर पिशव्या आधी तपासा. पेट्रोल मात्र साखळीला भरा, आपल्यापेक्षा स्वस्त असतं, त्याला कुणी अडवत नाही.

पिवळ्या बोर्डाची क्रूझर असेल तर गोव्याचं परमिट मालकानं काढलंय काय ते निघायच्या आदल्या दिवशी कागद बघूनच खात्री करा. 'काढतो ओ' म्हणणं म्हणजे काढलेलं नसतं.

गोवावेसकर
मालकाला फोन केला. 'काढतो ओ' म्हणाला.

पिकअपवाला
ऐका, मधला रस्ता सांगतो. मी स्वतः काय करतो? बाजारात माल उतरवला की गाडीतच दोन तास डोळा लावतो, मगच परत फिरतो. मालक ओरडला तर ओरडला. तुम्ही मॅच संपली की फोंड्यापर्यंत या, तिथं तीन-चार तास पाठ टेका, चारला निघा. चोर्ल्याला पोचेपर्यंत उजाडायला लागतं. तोवर आमच्या गाड्या उतरून गेलेल्या असतात. धुकं असलं तरी आकाश दिसतं. आठच्या आत बेळगाव, नऊची ड्युटी चुकत नाही. हॉटेल पण लागत नाही आणि दोनला कुणाला उठवायला पण लागत नाही.

आणि वाटेत गवा आडवा आला तर हॉर्न मारू नका. लाईट बारीक करा, थांबा, त्याचं तो जातो. हॉर्न मारला की तो गाडीकडं बघायला लागतो, आणि मग काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं.

खानापूरचा_गवा
आमच्या कॅप्टनबद्दल नीट बोला.

गोवावेसकर
फोंड्यात पाठ कुठं टेकणार? बारा जण बसस्टँडवर?

अनगोळ_विंगर
फोंड्यात माझी आत्या राहते. बेळगावात असं एक घर दाखवा, ज्याचं गोव्यात कोणीच नाही. थांबा, विचारते.

अनगोळ_विंगर
विचारलं. ओसरीवर आठ जण मावतात, आम्ही दोघी आत. ड्रायव्हरला वेगळी खोली, त्याला कुणी उठवायचं नाही, ही आत्याचीच अट. रात्री अकरापर्यंत आलात तर हुमण-भात आहे, पण किती जण मासे खाणार ते आधी सांगा. एक्स्ट्रा टाइम झाला तर डाळ. कुंदा दोन किलो, आणि तो नेहमीच्या दुकानातलाच, म्हणाली.

जुना_लेफ्टआउट
नेहमीचं म्हणजे कुठलं, ते विचारून घे पोरी. ह्यावरनं मोठी भांडणं झालीत.

गोवावेसकर
रातोरात आलो असतो तर काही बिघडलं नसतं, हे माझं मत अजून तेच आहे. पण हुमणापुढं काय बोलणार. चारला निघायचं. दोन जागा दोघींना दिल्या, दहा झाले. ओसरीवर आठ म्हणजे आता फुल. परमिटचा कागद हातात आला की इथं टाकतो.

खानापूरचा_गवा
ड्रायव्हरला खोली आहे ना, मी गाडीत झोपतो. मला जांबोटीला उचला. केशरी जर्सीत असेन. पुढच्या सीटवर बसणार.

गोवावेसकर
टपावर जागा आहे.