मदत हवी आहे: व्होल्टेज वरखाली होतंय, फ्रीज-टीव्ही कसे वाचवायचे?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या एका वाड्यावर राहतो. पावसात विजेचा लपंडाव नेहमीचाच, पण यंदा व्होल्टेजने कहर केलाय. संध्याकाळी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) १७८ दाखवतो, पहाटे २५६. खरं तर २३० च्या दहा टक्के वरखाली, म्हणजे २०७ ते २५३ एवढंच अपेक्षित असतं. टीव्हीचा पॉवर बोर्ड गेला. फ्रीजचा कॉम्प्रेसर नुसता घुं घुं करतो आणि टक् करून बंद पडतो. आईचं इन्सुलिन त्यातच असतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

दुकानदार म्हणतो, अख्ख्या घराला एकच मेनलाइन स्टॅबिलायझर बसवा. मला ते पटत नाही. स्टॅबिलायझर कमी-जास्त व्होल्टेज सांभाळेल, पण वीज कडाडल्यावर येणारा क्षणाचा झटका? त्याला सर्ज प्रोटेक्टर हवा, आणि तोही झटका जमिनीतच सोडतो. आमच्याकडे तर सगळा जांभा, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. अशा जमिनीत अर्थिंग कोणी नीट करून घेतलंय का? खड्डा किती खोल, आत काय भरलं?

आणखी एक. कनेक्शन थ्री फेज आहे, म्हणजे वीज तीन वेगळ्या तारांतून येते. कधी कधी एका खोलीतला दिवा मंदावतो, तेव्हाच दुसरीकडचा भगभगतो. न्यूट्रल, म्हणजे तिन्हींची सामाईक परतीची तार, सैल झाला असेल का? तसं असेल तर स्टॅबिलायझरच्या आधी तेच बघायला हवं. तक्रार नोंदवली आहे, अजून कोणी फिरकलेलं नाही. तोवर फ्रीजपुरता टाइम डिले असलेला (वीज आल्यावर थोडं थांबून चालू होणारा) स्टॅबिलायझर घेतला तर चालेल का? डिचोली-साखळीकडचा भरवशाचा इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर कृपया इनबॉक्समध्ये कळवा.