मदत हवी आहे: आजी उडी मारते, पण लाटणं चालत नाही
नमस्कार मंडळी! दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मावसभावाने गोडॉट इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) दोघांनी खेळायचा मारामारीचा गेम केलाय. पात्रं घरचीच: लाटणंवाली आजी, छत्रीवाले काका आणि नोटिसा फेकून मारणारा सोसायटीचा सेक्रेटरी. (तो कुणाला हरतच नाहीये, ते नंतर बघू.)

अडचण अशी, की एकाच कीबोर्डवर दोघांनी मिळून तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं लागतच नाही. कोड तीनदा तपासला, दुसऱ्या लॅपटॉपवर वेगळीच बटणं अडतात. म्हणजे घोळ कीबोर्डचा. साध्या कीबोर्डात बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात, म्हणून ठरावीक बटणं एकत्र ओळखता येत नाहीत, इतकं कळलं.

शिफ्ट, कंट्रोल सहसा अडत नाहीत, म्हणून ठोसा शिफ्टवर नेला. आता पाचदा शिफ्ट दाबलं की विंडोज मध्येच स्टिकी कीजची (जोडीची बटणं एकेक करून दाबायची सोय) खिडकी उघडतं आणि तेवढ्यात काका आडवे!

तुमच्याकडे दोघांसाठी बटणांची कुठली मांडणी नीट चालली? की एकाला सरळ गेमपॅडच द्यावा? भावाचं म्हणणं, लॅनवर, म्हणजे दोन कॉम्प्युटर नेटवर्कने जोडून खेळवू, पण तेवढ्यासाठी सगळा कोड पुन्हा उसवायची माझी तयारी नाही.