एकाच आवारात गेंडा आणि पाणमांजर : हे कसे जमते?

रानपिंगळा
स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात भारतीय एकशिंगी गेंडे, भेकरे आणि लहान नखांची पाणमांजरे एकत्र ठेवली जातात. ज्या संस्थेत १९५६ साली गेंड्याचे ‘रुद्र’ नावाचे पिल्लू जन्मले आणि जी या प्रजातीची आंतरराष्ट्रीय वंशावळ नोंदवही सांभाळते, ती उगीच धोका पत्करणार नाही, हे उघड आहे. तरीही दोन टनांचा नर आणि जेमतेम चार-पाच किलोंचे पाणमांजर यांच्यात अपघात कसा टळतो? शिवाय हा खटाटोप प्राण्यांच्या भल्यासाठी असतो की आपल्यासारख्या हौशी प्रेक्षकांसाठी?

कडेकपारी
अशा आवारांचे मर्म वाटांच्या रचनेत असते. लहान प्राण्याला शिरता येईल पण मोठ्याला डोकेही घालता येणार नाही अशी भोके, ओंडक्यांचे आडोसे, स्वतंत्र खाणे आणि रात्रीचे वेगळे निवारे, एवढे असल्याशिवाय दोन प्रजाती एकत्र सोडतच नाहीत. सोडण्याआधीही त्यांना जाळीआडून एकमेकांच्या वासाची आणि आवाजाची सवय करून देतात. गेंड्याची नजर अधू असली तरी नाक आणि कान तिखट असतात, त्यामुळे त्याच्या लेखी ओळखीचा वास ही मोठी गोष्ट आहे. भल्याचे म्हणाल, तर बेल्जियममधील पाइरी डाइझा या प्राणिसंग्रहालयात ओरँगउटानच्या आवारातून वाहणाऱ्या पाण्यात पाणमांजरे सोडली आहेत, ती मुख्यतः ओरँगउटानच्या बुद्धीला चाळवण्यासाठी. दोरखंड आणि खेळणी काही दिवसांत जुनी होतात. काठावर येऊन पुन्हा बुडी मारणारा शेजारी तसा होत नाही.

जुना_वाटाड्या
कौतुक मान्य, पण दुसरी बाजूही पाहावी. विल्डेबीस्ट हा आफ्रिकेतला मोठा कुरंग स्वतः ठणठणीत राहून एक विषाणू बाळगतो, ज्यामुळे इतर अनेक खुरी प्राण्यांना मॅलिग्नंट कॅटॅरल फीवर हा बहुधा जीवघेणा आजार होतो. स्क्विरल माकडांमधील एक हर्पिस विषाणूही त्यांना त्रास देत नाही, मात्र मार्मोसेट या चिमुकल्या माकडाचा जीव घेऊ शकतो. अशा जोड्या दिसायला कितीही देखण्या असल्या, तरी पशुवैद्यकाने नकार दिला की विषय तिथेच संपायला हवा. माजावर आलेला नर किंवा नुकतीच व्यालेली मादी यांचा भरवसा तर कोणीच देऊ नये.

कडेकपारी
सहमत आहे, आणि म्हणूनच मला झुरिचचे आवार सर्वांत पटते. तिथे इथिओपियाच्या सिमियेन पर्वताच्या धर्तीवर जेलाडा माकडे, न्युबियन आयबेक्स ही रानशेळी आणि हायरॅक्स एकत्र आहेत. जेलाडा हे गवत खाणारे माकड. ते बसल्या जागी दोन्ही हातांनी पाती खुडत राहते आणि तशाच बैठकीत पुढे सरकते. छातीवरचा लाल, केसविरहित डाग तेव्हा छान दिसतो. कड्यावरचे आयबेक्स त्यांच्या वाटेला जात नाहीत आणि हायरॅक्स खडकांच्या फटींत शिरतो. (हा सशाएवढा जीव हत्तीच्या जवळच्या नातलगांपैकी आहे, हे पाट्या वाचल्याशिवाय कोणाला पटत नाही!) मूळ सिमियेनमध्ये वालिया आयबेक्स असतो, न्युबियन नव्हे, चोखंदळांना ते खटकेल, मला खटकत नाही.

रानपिंगळा
सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. आपल्याकडे हरणांपलीकडे असे काही शक्य आहे का?

जुना_वाटाड्या
चितळ आणि वानर ही जोडी सर्वांना प्रथम सुचते, कारण रानात वानरांनी टाकलेला पाला आणि फळे चितळे खातात आणि दोघेही एकमेकांच्या धोक्याच्या हाकेवर सावध होतात. अडचण एवढीच की चितळांसाठी पुरणारा खंदक वानर सहज ओलांडेल; त्याला आवरायचे तर छत किंवा रुंद पाण्याचा वेढा लागेल आणि खर्च कैक पटींनी वाढेल. त्यापेक्षा गेंडा आणि भेकर ही जोडी सोपी, दोघेही जमिनीवरचे आणि ईशान्य भारतातले. पाणमांजरांचा विचार मात्र डबक्याचे पाणी सतत गाळून स्वच्छ ठेवता आले तरच करावा, कारण गेंडा त्याच पाण्यात तासन्‌तास डुंबतो आणि बरेचदा तिथेच घाणही करतो.