शब्दचर्चा : फिलिबस्टर (सोबत क्लोचर, टेबल, रिकन्सिलिएशन)

उंबरठा
२०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत सरकारी कामकाज ठप्प होतं. सिनेटमध्ये (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) खर्चाच्या तात्पुरत्या विधेयकावर पुन्हा पुन्हा मतदान होई. बाजूने मतं जास्त, विरोधात कमी, तरी विधेयक अडलेलंच. कारण दिलं जाई 'फिलिबस्टर'. कोशांत याचा अर्थ 'लांबलचक भाषणं करून कामकाज रोखणे' असा सापडतो. पण हे विधेयक अडवायला तर कोणी रात्रभर भाषण करत नव्हतं! मी 'विधेयक फेटाळलं' लिहिलंय, पण ते खटकतं. मराठीत काय लिहावं? 'वेळकाढूपणा' चालेल?

गवतीचहा
वेळकाढूपणा नको. त्यात कोणीतरी वेळ काढताना दिसावं लागतं. आजच्या फिलिबस्टरमध्ये बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. 'आमचा विरोध आहे, चर्चा संपवायला आम्ही मान्यता देणार नाही' एवढं विरोधी गटाने कळवलं की काम झालं.

मुळात सिनेटच्या नियमांत साध्या बहुमताने चर्चा संपवून मतदान घ्यायची सोयच नाही. आपल्याकडे विधानसभेत कामकाज सल्लागार समिती वेळ ठरवते, अध्यक्ष घंटी वाजवतात, चर्चा बंद करण्याचा प्रस्तावही येऊ शकतो. सिनेटचा पीठासीन अधिकारी बोलणाऱ्या सदस्याला वेळ संपला म्हणून खाली बसवू शकत नाही. 'आता चर्चा पुरे, मूळ प्रश्नावर मत घ्या' असा प्रस्ताव तिथेही होता, पण १८०६ मध्ये नियमावली आटोपशीर करताना तो निरुपयोगी समजून काढून टाकला. अडवणुकीचं हत्यार म्हणून कोणी मुद्दाम घडवलेली ही तरतूद नव्हे. एक कलम गाळलं आणि भोक राहिलं.

म्हणून माझी सूचना 'चर्चा-अडवणूक'. पहिल्या उल्लेखात फिलिबस्टर लिहून पुढे हा शब्द ठेवावा.

दोन ओळी
व्युत्पत्ती : डच 'फ्रेइबाउटर' म्हणजे लुटीवर जगणारा. त्यावरून स्पॅनिश 'फिलिबुस्तेरो', म्हणजे समुद्री चाचा. १८५० च्या दशकात परक्या देशांवर खासगी फौजा घेऊन चालून जाणाऱ्या अमेरिकनांना हा शब्द लागला. त्यांच्यातला विल्यम वॉकर १८५६ मध्ये निकाराग्वाचा अध्यक्षच होऊन बसला. त्याच काळात तो शब्द सभागृह वेठीला धरणाऱ्यांना चिकटला. चाचेगिरीचा वास मराठी शब्दात आणायची गरज नाही, पण शब्द शिवीसारखा सुरू झाला होता हे ध्यानात असावं.

सातपाटी
गवतीचहा यांचं बरोबर आहे, पण भाषणाचा फिलिबस्टर मागे का पडला ते सांगितल्याशिवाय शब्दाचा अर्थ उमगत नाही. भाषणवाला प्रकार दिसायला वीरश्रीचा, पण त्यात दमतो तो बहुमतवालाच.

गणपूर्तीला, म्हणजे कामकाजासाठीच्या किमान हजेरीला, ५१ सदस्य लागतात. बोलणाऱ्या गटाला सभागृहात एक-दोन माणसं पुरतात. त्यांनी मध्येच 'गणपूर्ती नाही' अशी हरकत घेतली की बहुमतवाल्यांना रात्री तीन वाजताही ५१ डोकी गोळा करावी लागतात. जमली नाहीत तर कामकाज थांबतं आणि बोलणाऱ्याला झोप मिळते. एका प्रश्नावर एका 'वैधानिक दिवसात' एका सदस्याने दोनदाच बोलावं असा नियम आहे. पण हा दिवस घड्याळाचा नाही. सभागृह रीतसर तहकूब न करता नुसती विश्रांती घेतली तर तोच वैधानिक दिवस आठवडाभरही चालू राहतो. बहुमताचा नेता हे मुद्दाम करतो, म्हणजे विरोधकांची दोन-दोन भाषणं तरी संपतात.

सिनेटर स्ट्रॉम थर्मंड १९५७ मध्ये नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले, आणि विधेयक तरीही मंजूर झालं. सिनेटर कोरी बुकर २०२५ मध्ये २५ तास ५ मिनिटं बोलले. तो विक्रम आहे, पण फिलिबस्टर नाही, कारण ते कोणतंही विधेयक अडवत नव्हते. 'लांब भाषण म्हणजे फिलिबस्टर' हे समीकरण दोन्ही बाजूंनी चुकतं.

१९७० च्या दशकात एक विधेयक अडलं तर ते बाजूला ठेवून दुसरं चालवायची दुहेरी रुळांची पद्धत आली. कामकाज तुंबेना, म्हणून अडवणाऱ्यावर लोकांचा रागही येईना. माझ्या मते फिलिबस्टर रोजचा झाला तो या सोयीमुळे.

उंबरठा
मग 'क्लोचर' म्हणजे चर्चासमाप्तीचा ठराव ना? त्याला साठ टक्के मतं लागतात असं वाचलं.

सातपाटी
टक्के नका लिहू! हजर सदस्यांचे साठ टक्के नव्हेत, निवडून आलेल्या आणि शपथ घेतलेल्या एकूण सदस्यांचे तीन-पंचमांश. शंभर सदस्य असतील तर ६०. एक जागा रिकामी असेल तरी ६० च, दोन रिकाम्या असतील तर ५९. गैरहजर राहिलेला सदस्य परिणामाने विरोधातच मोजला जातो. १८ डिसेंबर २०१० ला ड्रीम ॲक्टवरच्या (लहानपणी अमेरिकेत आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसाठीच्या विधेयकावरच्या) क्लोचरला ५५ विरुद्ध ४१ मतं पडली. चार जण नव्हते. हजर असलेल्यांत बाजूचे जास्त होते याला अर्थ नव्हता, ६० ला पाच मतं कमी पडली आणि विधेयक तिथेच राहिलं.

क्रम असा. १६ सदस्यांच्या सह्यांचा अर्ज दाखल होतो. मध्ये एक कामकाजाचा दिवस जावा लागतो. म्हणजे सोमवारी दिला तर बुधवारी, सभागृह बसल्यावर तासाभराने मतदान. ठराव मंजूर झाला तरी विधेयकासाठी आणखी ३० तासांपर्यंत चर्चेची मुभा उरतेच. म्हणून आठवडाभर गेला तरी एकच विधेयक हललेलं दिसतं.

क्लोचरचा नियम १९१७ चा. तेव्हा हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश लागत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरची अडवणूक १० जूनला ७१ विरुद्ध २९ अशी मोडली ती या जुन्या हिशेबाने. कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल मेंदूतल्या गाठीमुळे बोलू शकत नव्हते, त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवून होकार दिला. तीन-पंचमांश १९७५ मध्ये आलं. मात्र सिनेटचा नियमच बदलायचा असेल तर त्यावरची चर्चा संपवायला आजही दोन-तृतीयांश लागतात.

गवतीचहा
आणि म्हणूनच नियम न बदलता नियम बदलण्याची युक्ती निघाली, तिचं नाव 'न्यूक्लिअर ऑप्शन'. 'अणुपर्याय' हे भाषांतर मला हास्यास्पद वाटतं, पण रुळलंय.

घडतं असं : बहुमताचा नेता हरकतीचा मुद्दा मांडतो की राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या नियुक्त्यांवरची चर्चा साध्या बहुमताने संपते. पीठासीन अधिकारी लिखित नियमाप्रमाणे तो फेटाळतो. नेता त्या निर्णयावर सभागृहाकडे दाद मागतो, आणि अशा दादेचा निकाल साध्या बहुमताने लागतो. २१ नोव्हेंबर २०१३ ला तेव्हाचे बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी हेच केलं. 'पीठासीन अधिकाऱ्यांचा निर्णय कायम राहावा का' यावर ४८ होकार, ५२ नकार. सर्वोच्च न्यायालय सोडून इतर नियुक्त्यांचा मार्ग मोकळा झाला. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्या वेळचे बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी सर्वोच्च न्यायालयालाही तेच लावलं. छापील नियमात तीन-पंचमांश अजून तसेच आहेत, बदलला तो पायंडा. त्यामुळे 'नियमदुरुस्ती' लिहिणं चूक. 'पायंडा पाडला' लिहा.

दोन ओळी
अशा बातम्यांत याहून घातक शब्द 'टेबल'. आपल्याकडे कागदपत्रं सभागृहाच्या पटलावर ठेवतात, म्हणजे समोर आणतात. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे नेमकं उलटं, विषय बासनात गुंडाळणं. त्या प्रस्तावावर चर्चा होत नाही, साधं बहुमत पुरतं, आणि तो मंजूर झाला की विषय बहुधा कायमचा गेला. 'दुरुस्ती पटलावर ठेवली' असं भाषांतर केलं तर मेलेली दुरुस्ती जिवंत होते.

उंबरठा
'रिकन्सिलिएशन बिल'ला 'सलोखा विधेयक' म्हणतात तेही असंच का?

गवतीचहा
सलोखा अजिबात नाही, उलट विरोधकांना विचारायलाच लागू नये म्हणून तो मार्ग. शब्द हिशेबातला आहे : कायद्यातले जमा-खर्च अर्थसंकल्पी ठरावाशी जुळवून घेणं. 'जुळवणी विधेयक' म्हणा. १९७४ च्या कायद्याने चर्चेला २० तासांची मर्यादा आहे, म्हणून अडवणूक शक्य नाही आणि ५१ मतं पुरतात (५०-५० झालं तर उपराष्ट्राध्यक्षांचं मत). अट बर्ड नियमाची (सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावाचा) : ज्या कलमाचा महसुलावर किंवा खर्चावर परिणाम नाही, किंवा तो निव्वळ आनुषंगिक आहे, ते कलम हरकत घेऊन गाळता येतं, आणि वाचवायला पुन्हा ६० मतं. २०२१ च्या फेब्रुवारीत ताशी १५ डॉलर किमान वेतनाचं कलम सिनेटच्या नियमतज्ज्ञ ('पार्लमेंटेरियन') एलिझाबेथ मॅकडॉना यांनी याच नियमात बसत नाही असं सांगितलं. तिथे 'पार्लमेंटेरियन' म्हणजे खासदार नव्हे, ही आणखी एक खाच.

उंबरठा
मग सुरुवातीच्या उदाहरणाचं वाक्य असं करतो : 'चर्चा संपवण्यासाठी लागणारी ६० मतं न मिळाल्याने विधेयकावर अंतिम मतदान होऊ शकलं नाही.' 'फेटाळलं' काढलं.

सातपाटी
ड्रीम ॲक्टसारख्या प्रकरणांना साधारण चालेल. ऑक्टोबर २०२५ ला नाही. क्लोचर दोन ठिकाणी लागतं : विधेयकावरची चर्चा संपवायला, आणि त्याआधी विधेयक हाती घ्यावं की नाही यावरचीच चर्चा संपवायला. तेव्हाची मतदानं या दुसऱ्या प्रकारची होती. ९ नोव्हेंबरला ६० विरुद्ध ४० ने जे फुटलं तेही तेच दार. ऑक्टोबरातल्या मतदानांसाठी 'विधेयक विचारार्थ घेण्याचा मार्ग मोकळा झाला नाही' असं लिहावं लागेल. मथळ्यात मावत नसेल तर 'विधेयक अडलं' पुरे.